मागून येणारी गाडी

"क्लच शोधू नकोस. ह्या गाडीत नसतो," हे म्हणाले.

मी डाव्या पायाने खाली नुसतीच चाचपत होते. हे शेजारच्या सीटवर मान मागे टाकून बसले होते. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताने दाराची मूठ घट्ट धरलेली. पाच मिनिटांपूर्वी हेच गाडी चालवत होते. मधेच त्यांनी ती रस्त्याकडेच्या लिंबाखाली घेतली, बंद केली आणि म्हणाले, "कुमुद, तू इकडं ये. मला जमत नाही." चौतीस वर्षांच्या संसारात 'मला जमत नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

"मग डावा पाय कुठे ठेवू?"

"घरी विसरून आलीस असं समज. उजव्यानंच सगळं करायचं. ब्रेक दाब. आता ते गोल बटण."

मी दाबलं. गाडी सुरू झाली की नाही तेच कळेना, इतकी ती मुकी. समोरचा पडदा उजळला, त्यावर इंग्रजीत काहीबाही आलं आणि गेलं.

"दांडी डी वर घे. ब्रेकवरचा पाय हळूच काढ. बघ, निघाली."

निघाली खरी. मे महिन्यातली दुपार होती. पुतण्याचा साखरपुडा आटोपून आम्ही दोघंच गंगाखेडहून परभणीला घरी निघालो होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ह्यांच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते आणि एसीचा गार वारा त्यांच्या तोंडावर येत होता, ते बघून मी मनातल्या मनात सगळे देव पालथे घातले.

हे, म्हणजे मधुकर बोरीकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि महिन्याच्या आत त्यांनी ही गाडी घेतली. तीन आठवडे झाले होते, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्यांनी काढू दिलं नव्हतं. रोज संध्याकाळी खाली जाऊन कुणा ना कुणाला धरून आणायचे आणि गाडी दाखवायचे. छत उघडतं, मागे घेताना पडद्यावर दिसतं, फोनला वायर लागत नाही. शेवटी हुकमाचं पान काढायचे, की हिची किल्ली खिशातून बाहेर काढावीच लागत नाही. खिशात असली की पुरे, गाडी आपल्या माणसाला ओळखते. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की समोरच्याने वा म्हटल्याशिवाय सुटका नसे.

माझ्याकडे लायसन होतं. अडतिसाव्या वर्षी क्लास लावून मी एका जुन्यापुराण्या गाडीवर शिकले होते. पण घरची गाडी माझ्या हाती कधी आली नाही. रस्ता मोकळा लागू दे, मग देतो, असं हे म्हणायचे. सोळा वर्षांत मराठवाड्यात एकही रस्ता मोकळा लागला नाही.

"आरशात बघ," हे डोळे मिटूनच म्हणाले. "मागं कोण आहे?"

"ट्रक आहे."

"जाऊ दे त्याला. डावीकडं दाब थोडी. घाबरायलीस का?"

"तुम्ही बोलू नका हो."

"मग तुला कोण सांगणार? अकरा-बारा किलोमीटरवर सरकारी दवाखाना आहे. पाटी लागंल."

पुढे कडब्याने भरलेली ट्रॉली लागली. एरवी मी तिच्यामागून गंगाखेड ते परभणी गोगलगाईसारखी गेले असते. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता, तुटक आणि शिट्टीसारखा. मी हॉर्न दिला, गाडी उजवीकडे काढली, पाय दाबला. गाडी अशी सुळकन पुढे गेली की ट्रॉली केव्हा मागे पडली ते कळलंच नाही.

ह्यांनी डोळे किलकिले केले. "बरी चालवतेस की."

"क्लासला जायचे तेव्हा तुम्ही हसायचात."

"हसायचो का?"

"रोज."

"बरं. आता नाही हसत," ते म्हणाले आणि पुन्हा मान टाकली.

दवाखाना आला. ह्यांनीच सांगितलं म्हणून दांडी पी वर टाकली आणि मी तशीच ओरडत आत पळाले. गाडी बंद करायचं सुचलंच नाही. दोघांनी स्ट्रेचर आणलं, ह्यांना आत नेलं. तिथली डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती, पण हात चटपटीत. छातीला वायरी लावून तिने कागद काढला, जिभेखाली गोळी ठेवली, आणखी कसल्या गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेतलं.

"काकू, अटॅक आहे. इथं करता येण्यासारखं मी केलंय. पुढचं परभणीलाच होईल, आणि तासाभरात व्हायला पाहिजे. ॲम्ब्युलन्स आवारातच उभी आहे, लगेच काढते."

"वाचतील ना?"

"वेळेत पोचले तर आशा आहे," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला अजून सवय झाली नसावी.

ॲम्ब्युलन्स आमच्या गाडीशेजारीच लागली. ह्यांना मास्क लावून आत सरकवलं. त्यातला मदतनीस, चाळिशीचा माणूस, दार धरून उभा होता. "सोबत कोण बसणार?" त्याने विचारलं. हे माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हात उचलला, मास्क बाजूला केला आणि मला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. दोन छोटीशी वाक्यं. मी त्यांचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता.

"काळजी करू नका," मी म्हणाले. "मी गाडी घेऊन मागोमाग येते. तुमच्या मागंच असेन."

"काकू, तुम्ही आत बसलात तरी चालेल," डॉक्टर म्हणाली. "गाडी राहील इथं."

"नाही, येते मी मागून."

दार लागलं. मी धावत जाऊन गाडीत बसले. ती सुरूच होती.

निघाल्या निघाल्या ती पिंपिं करायला लागली. पडद्यावर कसलंसं लाल चित्र आलं. मी लक्ष दिलं नाही. ती गाडी जात्याच कुरकुरी होती. पट्टा लावला नाही की ओरडायची, दार नीट लागलं नाही की ओरडायची, रेषेच्या जवळ गेलं तरी ओरडायची. समोर ॲम्ब्युलन्सचा निळा दिवा फिरत होता, तेवढाच मला बघायचा होता. तो डोळ्यांआड झाला तर ह्यांचं काहीतरी होईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. मी ऐंशीवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा ऐंशीवर गेले.

आणि परळीच्या लाईनचं फाटक आलं.

ॲम्ब्युलन्स पलीकडे गेली. मी पन्नास-साठ हातांवर असताना दांडा खाली यायला लागला. मी हॉर्नवर हात ठेवला, पण फाटकवाल्याने मान हलवली. निळा दिवा वळणापर्यंत दिसला, मग तोही गेला. मी दांड्याला नाक लावून उभी राहिले, दांडी पी वर टाकली आणि गोल बटण दाबून गाडी बंद केली.

हात आपोआप गेला. फाटक पडलं की इंजिन बंद, हा ह्यांचा नियम. स्कूटर होती तेव्हापासूनचा. रिक्षात बसलो तरी रिक्षावाल्याला सुनवायचे की फुकट धूर कशाला करतोस. त्या फाटकावर सगळेच बंद करतात, खाली उतरतात, काकड्या घेऊन खातात. चौतीस वर्षं जे डोळ्यांनी बघितलं, तेच हाताने केलं.

मालगाडी आली. तिला कसलीही घाई नव्हती. डबे मोजायचे नाहीत असं ठरवून मी ह्यांचं नाव घेत बसले, बंद काचांत उकडून निघत. शेवटचा डबा गेला, दांडा वर झाला. मी ब्रेक दाबला, बटण दाबलं.

काही नाही. पडद्यावर किल्लीचं चित्र आणि त्यावर आडवी रेघ. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मागे हॉर्न सुरू झाले. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, डोळे मिटून दाबला, देवाचं नाव घेऊन दाबला. रेघ जाईना.

काचेवर टकटक झाली. मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर होता, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल बांधलेला. त्याचं नाव शेख इसाक, हे मला नंतर कळलं.

"काय झालं ताई? पुढं घ्या की."

"सुरू होत नाही हो."

"चावी फिरवून बघा."

"हिला चावी नाही. बटण आहे."

त्याने वाकून आत बघितलं. "चावी असतीच, ताई. बटणाच्या गाडीलाबी असती. जवळ असली तरच सुरू होती ती. मालकाच्या खिशात राहती बगा."

मी शेजारच्या सीटकडे बघितलं. ह्यांच्या घामाने प्लॅस्टिक ओलं झालेलं होतं. पँटचा उजवा खिसा. तो खिसा आता स्ट्रेचरवर होता आणि परभणीच्या दिशेने पळत होता.

"कुठंयत मालक?"

"पुढच्या ॲम्ब्युलन्समधे," मी म्हणाले. "अटॅक आलाय."

इसाकभाईंनी डोक्याचा टॉवेल सोडला. मग म्हणाले, "फोन लावा त्यांला. कुणीतरी उचलंल."

मी लावला. रिंग माझ्या गुडघ्याशेजारीच वाजली. ह्यांचा फोन तिथल्या खोबणीत पडला होता, वायरीशिवाय चार्ज होत.

चार माणसं उतरली आणि गाडी ढकलायला लागली. ती तसूभर हलेना. दांडी पी वरून निघत नव्हती आणि ती निघाल्याशिवाय चाकं सुटत नव्हती. फाटकवाला येऊन डाफरला, "बाई, गाडी काढा मधून. दुसरी रेल्वे यायलीय." बाकीचे लोक आमच्या बाजूने गाड्या काढून जायला लागले.

"ताई, माझ्या टेम्पोत बसा," इसाकभाई म्हणाले. "टरबुजं हायत, मी परभणीलाच चाललोय. वीस मिंटांत सोडतो."

"आणि गाडी?"

"गाडीला काय धाड भरलीय? आधी मानूस बगा."

हे मला कळत होतं. एवढं स्वच्छ कळत असूनही मी स्टिअरिंग सोडलं नाही. आता होईल, आता होईल म्हणत बटण दाबत राहिले. पाच वेळा, सहा वेळा. तुमच्या मागंच असेन, असा शब्द देऊन मी ह्यांना पाठवलं होतं, आणि ही गाडी घेऊन गेल्याशिवाय तो खरा होणार नाही असं माझं खुळं डोकं सांगत होतं. मी त्या गाडीला शिव्या दिल्या, हात जोडले, पडद्यावर थापा मारल्या. मान वर केली तेव्हा दांडा पुन्हा खाली आलेला होता.

इसाकभाईंचा टेम्पोही आता माझ्यापायी अडकला होता. त्यांनी मला दंडाला धरून उतरवलं आणि टेम्पोत बसवलं. गाडी तशीच, उघडी, कागदपत्रं आणि आहेराच्या पिशव्यांसकट फाटकासमोर राहिली. ती दुसरी रेल्वे यायला चौदा मिनिटं लागली. मी टेम्पोच्या काचेतून फाटकवाल्याच्या हातातली झेंडी बघत बसले होते.

फाटक उघडल्यावर इसाकभाईंनी टेम्पो असा दामटला की मागची टरबुजं एकमेकांवर आपटत होती. त्या टेम्पोत हॉर्न आणि ब्रेक, दोनच गोष्टी धड होत्या. परभणी येईस्तोवर त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

"कितीचं वय मालकाचं?" त्यांनी मधे विचारलं.

"अठ्ठावन्न."

"मग कशाचं काय होतंय? माझ्या भावाला बासष्टाव्या वर्षी आला हुता. हिंडतोय आता." ते खरं होतं की माझ्यासाठी रचलेलं, मला ठाऊक नाही.

हॉस्पिटलच्या पायरीवर ॲम्ब्युलन्समधला तो मदतनीस बाटलीने पाणी पीत बसला होता. मला बघून तो उठून उभा राहिला. अशी माणसं उगीच कुणाला बघून उठत नाहीत, त्यामुळे त्याने बोलायच्या आधीच मला समजलं.

"काकू, गेले. पाव घंटा झाला," तो खाली बघत म्हणाला. "येईपर्यंत शुद्धीवर हुते. सारखं मान उचलून मागच्या काचेतून बघायलेले. मी म्हणलं पडून राहा, तरी बघायलेलेच."

पाव तास. फाटकापाशी मी बटण दाबत बसले नसते तर पाव तास माझ्या हातात होता. मी ह्यांच्याजवळ जाऊन बसले. चेहरा अजून गरम होता. मला रडू आलं नाही. मला फक्त त्यांना सांगायचं होतं की मी येतच होते, आणि सांगून उपयोग नव्हता.

नांदेडहून आमची लेक रेणुका आली तेव्हा चार वाजले होते. तोवर दीर आणि जाऊही गंगाखेडहून पोचले होते. रेणुका आधी आत जाऊन आली. मग मी बसले होते त्या बाकड्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा ह्यांच्यावर फार जीव. लहानपणी ह्यांच्या पायांवर पाय ठेवून घरभर चालायची.

"आई, बाबांच्या जवळ कोण होतं?"

"ॲम्ब्युलन्सवाला होता."

"आणि तू?"

"मी मागून गाडी घेऊन येत होते. फाटकावर बंद पडली."

"गाडी?" तिचा आवाज चढला. "तू त्यांच्याबरोबर का नाही बसलीस?"

दीर बघत होते. जाऊ बघत होती. दारातला मदतनीससुद्धा थांबला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "तेच म्हणाले. गाडी सोडू नकोस म्हणाले."

किती सहज निघालं ते. कुणी शंकासुद्धा घेतली नाही. दिरांनी मान हलवली आणि म्हणाले, "दादा म्हणालाच असेल. तीन आठवड्यांत त्याला दुसरा विषय नव्हता." मदतनीसाने काचेतून बघण्याची हकीकत तिलाही सांगितली. ती ऐकून रेणुका माझ्या शेजारी बाकड्यावर बसली.

"म्हणजे गाडी येतीय का ते बघत होते," ती म्हणाली. "तुला एकटीला त्या उन्हात पाठवलं. मरतानाही गाडीच दिसली त्यांना."

मी बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. रेणुका बापासाठी रडली नाही, रागावली, आणि तो राग तिने अजून सोडलेला नाही. तिच्या घरात सासऱ्यांचा फोटो आहे, बापाचा नाही. श्राद्धाला येते, पान वाढते, पण ह्यांचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. तिचा मुलगा एकदा विचारत होता, आजोबा कसे होते गं. ती म्हणाली, "त्यांना गाडी फार आवडायची." पुढे एक अक्षर नाही. हातात लाटणं होतं, म्हणून मी मान खाली घालून लाटत राहिले.

ती गाडी मात्र मी ठेवली. सीटवरचं प्लॅस्टिक काढलं आणि चालवायला लागले. सगळे म्हणतात, नवऱ्याचा शेवटचा शब्द कशी पाळतेय बघा.

मागच्या महिन्यात रेणुका आणि जावईबापू नवी गाडी बघत होते. तिने फोन केला. "आई, तू रोज चालवतेस. गाडीत काय काय पाहिजेच, सांग बरं."

"ब्रेक चांगले हवेत. मागच्या काचेला वायपर. आणि साधी, फिरवायची किल्ली मिळत असेल तर तीच घ्या."

"एवढंच? बाबांना विचारलं असतं तर तासभर बोलले असते," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत बापाचा विषय तिने पहिल्यांदाच आपण होऊन काढला होता. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि मग तुला फाटकावर सोडून पुढे गेले असते," तिने वाक्य पुरं केलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "रंग पांढरा घ्या, उन्हाचा कमी तापतो."

त्या दवाखान्याच्या आवारात सगळं शांत होतं. ॲम्ब्युलन्स अजून सुरू झाली नव्हती, आमची गाडी तर मुकीच. ह्यांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "गाडी राहू दे इथंच. तू बस माझ्याजवळ." शब्द न् शब्द मला ऐकू आला. ते वाचणारच हे मी धरून चालले होते, तासाभराने भेटणारच होतो. पुढे परभणीपर्यंत रस्ता मोकळा होता, ह्यांनी नुकतंच बरी चालवतेस म्हटलं होतं, आणि मला ती गाडी अजून थोडी चालवायची होती.